मारुतीपुढचा वजनकाटा

शनिवार, संध्याकाळ

हात धुतले तरी गुळाचा चिकटा जात नाही.

बाळ झालं की त्याच्या वजनाइतका गूळ मारुतीपुढे वाटीन, असा सासूबाईंचा नवस होता. आठव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. मी कशीबशी वाचले. यापुढे मूल नको, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं. तेव्हापासून मी मारुतीकडे पाहणंच सोडलं होतं.

आज सासूबाईंनी काय करावं? पुलगावच्या बाजारासाठी आम्ही ज्यावर वांगी मोजतो, तो वजनकाटाच देवळात नेला. मला म्हणाल्या, "उभी राह्य याच्यावर."

सगळ्या गावासमोर! मी चिडलेच. "आई, देवानं तर नाई म्हटलं. मंग नवस काऊन फेडता?"

"नातू नाई देल्ला, त्याची मर्जी. पण तुले तर वापस देल्लं ना? त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून मी दुसरं काय मांगून राह्यली होती?"

मला हे माहीतच नव्हतं. कुणाला सांगितलंही नाही बाईने.

चपला काढून मी काट्यावर चढले. एकोणपन्नास किलो. बाळाचा नवस तीन किलोत फिटला असता.