माझ्या रिटायर होण्याची सगळ्यांना घाई

१२ एप्रिल ९७, शनि. बारामती

सुदाम आज परत आला. पिशवीत चिलापी, ताजी. या धाकट्या दिराने इतक्या वर्षांत उजनीतल्या माशाचं शेपूटही कधी आणलं नव्हतं. आता बारामतीत आला की येतोच. बसला, पाणी प्याला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मग हळूच, "वहिनी, तुमी नक्की कवा सुटनार वो?"

"मे अखेर."

"म्हंजी जूनपास्नं सरकारचा काय संबंध न्हाय ना तुमच्याशी?"

असं का विचारतोय? पेन्शनवर डोळा म्हणावा तर पेन्शनचं कुणी असं विचारत नाही. हे शेजारीच पेपर वाचत होते. तेवढ्या वेळात पान काही उलटलं नाही.

मासे मात्र चांगले होते.

१७ एप्रिल, गुरु.

जेवताना ह्यांनी विषय काढला. "तू सुटलीस की गावाकडंच जाऊ. पान्याच्या कडंला बरं वाटंल."

घास हातातच राहिला. जन्मभर यष्टी चालवली, गावावरून गाडी नेली, पण सुट्टी काढून उतरले नाहीत कधी. "गावात काय ठेवलंय?" हेच एक वाक्य. मागच्या वर्षी स्वतः रिटायर झाले तेव्हाही गावाचं नाव नव्हतं. आता पाण्याची कड आठवली!

मी नुसतं "बघू" म्हटलं.

माझं ठरलंय. दवाखान्यातल्या कुसुमशिवाय कुणाला माहीत नाही. पेटी शिकायची. बोर्डिंगात प्रार्थनेला थोडी वाजवायचे, पुढे नर्सिंगला गेले आणि ते तिथंच राहिलं. कसब्यात एक गुरुजी मोठ्यांनाही शिकवतात. म्हणाले, जूनपासून या. ह्यांना सांगितलं तर हसतील. आणि दुसरा बेत, रात्री बाळंतपणाला बोलवायला दाराची कडी वाजली तरी लगेच उठायचं नाही.

२३ एप्रिल, बुध.

कऱ्हाटीला बाळांना डोस द्यायला गेले. ऊन मरणाचं. येताना गाडीतला कंडक्टर ह्यांच्या जुन्या ओळखीचा निघाला. "दादा काल आमच्याच गाडीत व्हते. पळसदेवच्या अलीकडं, तुमच्या फाट्याला उतरले."

मला सांगून गेले होते भिगवणला. मित्र आजारी आहे म्हणून.

कुसुमला सांगितलं. आम्ही एकत्रच ट्रेनिंग केलं, तिच्यापाशी काही लपत नाही. ती म्हणाली, "या वयात दुसरी बाई तर नसंल ना गं?" हसले. घरी येऊन ह्यांचा शर्ट धुवायच्या आधी हुंगला. स्वतःचीच लाज वाटली. वास चुन्याचा. बाहीला पांढरे ठिपके.

चुना कशाला लागला असेल?

२८ एप्रिल, सोम.

"मित्र कसा आहे?" विचारलं. "बरा हाय आता," म्हणाले. डोळे भिंतीकडं. बघायचं, कुठवर नेतात.

४ मे, रवि.

आज न सांगता गावी गेले. ह्यांना म्हटलं, लोणी भापकरला जुन्या सिस्टरकडं चाललेय. मीही खोटं बोलले, फिट्टंफाट.

धरणाचं पाणी खूप मागं गेलंय. फाट्यावरून चालत घरी. आमच्या वाट्याच्या दोन खोल्या पांढऱ्याशुभ्र! आत शहाबादी फरशी. परसात नव्या विटा, खड्डा खणलेला.

जाऊ एकटीच होती. शालन, सुदामची बायको. भोळी, पोटात काही राहत नाही तिच्या. म्हटलं, "हे काय गं?"

"संडास, अक्का. भांड्याचा. सरपंचबाईला बाहीर जाऊन कसं चालंल?"

"कोण सरपंचबाई?"

तेव्हा तिनं तोंडावर पदर धरला. पण धरून काय उपयोग. हळूहळू सगळं काढून घेतलं. औंदा सरपंचपद आपल्या समाजातल्या बाईला राखीव सुटलंय. पावसाळ्यानंतर निवडणूक. गावातल्या आपल्या बायकांत शिकलेली कुणी नाही. नोकरीतली बाई उभी राहू शकत नाही, म्हणून माझ्या सुटण्याची वाट बघणं चाललंय. गावच्या मतदारयादीत माझं नावसुद्धा घालून झालं. कुणी?

"दादांनीच," शालन म्हणाली. "अक्का, मी सांगितलं म्हनू नगा. मला मारतील."

येताना गाडीत बसायला जागा होती तरी उभीच आले. बसवेना.

५ मे, सोम.

बोलले नाही त्यांच्याशी. भाकरी वाढली. त्यांनी मीठ मागितलं, दिलं.

दुसरी बाई परवडली असती.

१४ मे, बुध.

दारात जीप. सुदाम पुढं, मागून आबा. गावची ग्रामपंचायत वर्षानुवर्षं आबांच्या वाड्यावरून चालते. आमच्या सासूबाईंच्या ओंजळीत ह्याच वाड्यात ताक वरून ओतत. आज आबा माझ्या खुर्चीत बसले. चहा दिला, तो बशीत ओतून फुर्र करून प्याले, वर "ताई, अजून अर्धा द्या" म्हणाले.

एवढा चहा प्याले म्हणजे काम मोठं आहे.

निवडणुकीबद्दल अवाक्षर नाही. माझ्या हातगुणाचं कौतुक. "आमच्या सुनंचं बाळातपन तुमीच केलं. गाव इसरलं न्हाय." हे दाराशी उभे. स्वतःच्या घरात, उभे. राग कुणाचा आला ते कळेना.

३१ मे, शनि.

सुटले. निरोपसमारंभ झाला. शाल, नारळ, साडी. मोरपंखी, माझ्या आवडीची. कुसुमनं निवडली असणार. डॉक्टरांनी विचारलं, "सिस्टर, आता पुढं काय बेत?"

तोंड उघडायच्या आत हे खुर्चीतून म्हणाले, "आता गावाची सेवा करनार त्या."

टाळ्या. कुसुमनं माझ्याकडं बघितलं.

घरी येऊन शाल खुंटीला लावली आणि विचारलं. सरळच. "यादीत नाव घातलंत. खोल्या रंगवल्यात. मला विचारलंत?"

हे म्हणाले, "इचारलं असतं तर तू न्हाय म्हनली असतीस."

"मग आता काय म्हणणार आहे मी?"

"आता इचार करशील."

"आबांनी तुम्हाला काय कबूल केलंय?"

"काय न्हाय गं. आईची शपत. माझी बायको त्या खुर्चीत बसलेली बघायची हाय, बास."

खरं असेल? डोळे भरले होते त्यांचे. पण भिगवणचा मित्रही ह्यांच्याच तोंडून आजारी पडला होता.

८ जून, रवि.

सकाळी पेटीला जाऊन आले. सा रे ग, पुढं बोटं अडखळतात. गुरुजी म्हणाले, येईल. घरी सांगितलं. हे हसले नाहीत. "बरं हाय की," एवढंच. त्याचाही संशय आला!

दु. आबा आणि सुदाम. आज विषय उघड. मी ऐकून घेतलं. म्हटलं, "उभी राहीन. पण सभा मी घेणार. कागद वाचल्याशिवाय सही नाही. आणि काम असलं की माझ्याशी बोलायचं. ह्यांच्याशी नाही, सुदामशी नाही."

सुदाम आबांकडं बघायला लागला. आबा हसले. "व्हय की ताई. त्यासाटीच तर शिकलेली बाई पायजे." फार पटकन म्हणाले. चहा अर्धाच ठेवून उठले.

हे म्हणाले, "लई कडक बोललीस." पण आवाजात राग नव्हता. उलट त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. का?

मी हे का बोलले? ते मागं हटावेत म्हणून की खरंच खुर्ची हवीय म्हणून? दुपारभर तेच डोक्यात.

१५ जून, रवि.

शालन आली. एकटी, पहिल्यांदाच. मुक्कामाची पिशवी घेऊन. बसायच्या आधीच रडायला लागली.

"अक्का, त्यांनी आता मलाच हुबं करायचं ठरिवलंय. मला सही येत न्हाय म्हनलं तर आबा म्हनले, ते तर लईच बरं. सगळं धनीच बघनार. तुमी नुसतं व्हय म्हना, अक्का. अटी घालू नगा. मला सोडवा यातनं."

पाणी दिलं. पाठीवरून हात फिरवला. हे बाहेर ओट्यावर, काही न विचारता बसलेले. तिला बसस्टँडवरून घेऊन तेच आले.

माझ्या अटी काढून टाका, हेच तर आबांना हवं. आणि हेच मागायला घरातली सगळ्यात भोळी बाई आली. पाठवली की आली? शालनला कपट येत नाही, पण कपटाला तिचा उपयोग होतो. आणि नाही पाठवली असेल तर? खरंच तिला त्या खुर्चीत बांधून घालतील.

उद्या दुपारी सुदाम तिला न्यायला येणार, उत्तरही घेऊन जाणार.

आयुष्य बाळंतिणींत गेलं. खऱ्या कळा कुठल्या, खोट्या कुठल्या, पोटावर हात ठेवला की मला कळायचं. आत्ता शालन आत तांदूळ निवडतेय, मधेच डोळे पुसतेय. मी दारातून बघतेय आणि मला कळत नाहीय.