गिटारचं मागचं झाकण

३ फेब्रुवारी, सोमवार

परत स्वर खाल्ला. तिसऱ्या तारेनं. बोट जागेवर, तार छेडली, आणि सिंथेसायझरचा डबा गप्प. पुन्हा छेडली तेव्हा वाजला. म्हणजे तार ठीक, बोट ठीक — आत काहीतरी गडबड आहे.

दुरुस्तीवालीकडून आणून आठवडासुद्धा झाला नाही. नवे कपॅसिटर, साफ केलेली बटणं, नवी केबल. ‘काका, आता बरीच वर्षं बघायला नको,’ म्हणाली होती. बघतोय की मी!

ताईला फोनवर सांगितलं तर म्हणते, ‘अरे, मग तार बदल ना.’ बहिणीला समजावता समजावता म्हातारा झालो. ही नुसती दिसायला गिटार आहे गं. लाकडाचा पत्ता नाही, सगळं काळं प्लास्टिक. मानेवर पडद्यांच्या जागी रबराखाली बटणं. तारा स्वतः वाजतच नाहीत, छेडल्या की फक्त वर्दी देतात. वर्दी केबलमधून सिंथेसायझरच्या डब्यात जाते आणि आवाज डबा काढतो — बासरी म्हणा, ट्रम्पेट म्हणा, जो लावाल तो. ‘एवढा द्राविडी प्राणायाम कशाला,’ म्हणाली आणि फोन ठेवला.

आता कोणी असलं काही बनवत नाही. पार्ट मिळत नाहीत. म्हणूनच ज्याच्याकडे असं वाद्य आहे त्यानं सांभाळून राहावं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दुरुस्तीवालीकडे गेलो. बायको सोबत आली. कशाला, ते कळलं नाही. ही शिवणक्लास बुडवून कधी कुठे येत नाही.

दुरुस्तीवाली कानाची यंत्रंही दुरुस्त करते, वाद्यंही. टेबलावर दोन्हींचा नुसता पसारा. तिनं झाकण उघडलं, भिंग लावून पाहिलं, म्हणाली, ‘सगळं जागच्या जागी आहे.’ मी विचारलं, ‘बोर्ड तोच आहे ना? जुना?’ हसली. ‘काका, तुमचा बोर्ड घेऊन मी काय करू?’ — हे काही उत्तर झालं नाही.

मग कॉम्प्युटरला जोडून मला वाजवायला लावलं. कुठली तार किती जोरात छेडली ते पडद्यावर रेघांनी दिसतं. पण तिचं पडद्याकडे लक्षच नव्हतं. माझ्या उजव्या हाताकडे बघत होती. तोंडाकडे बघायचं टाळणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

‘हल्ली हलकी छेडता का?’ म्हणे. मी म्हटलं, ‘ऑर्केस्ट्रात होतो मी. हलकं छेडून तिथं भागत नाही.’

आत प्रत्येक तारेला एक बारका स्क्रू आहे. उजवीकडे फिरवला की तार जास्त तिखट होते, जरा धक्का लागला की वर्दी देते. ते तिनं दाखवलं, पण हात लावला नाही. ‘जास्त फिरवला तर शेजारची तारसुद्धा बोलायला लागेल,’ म्हणाली. सहाही स्क्रूंच्या खाचा उभ्या होत्या. नीट बघून घेतल्या मी.

जिना उतरल्यावर कळलं, हिची पर्स वर राहिली. आणायला गेली ती चांगली पाच-दहा मिनिटं आलीच नाही. ‘काय बोलत होतीस?’ ‘काही नाही, आईंच्या कानाच्या मशीनचं विचारत होते.’ हिच्या आईला जाऊन तीन वर्षं झाली. माझी तर कधीच गेली.

कुणाच्या आईंचं?

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी गिटार लख्ख वाजली. एकही स्वर पडला नाही. ऑर्केस्ट्रातला माझा ट्रम्पेटचा तुकडा सलग दोनदा काढला.

आनंद व्हायला हवा. पण मी काहीच केलेलं नाही. यंत्र आपोआप बिघडतं, हे कळतं. आपोआप बरं कसं होईल?

१० फेब्रुवारी, सोमवार

शर्टाची काजं हल्ली फार लहान करते ही. बटण जाता जात नाही. बोललो तर म्हणते, ‘माप तेच आहे.’ आणि पुढे येऊन स्वतःच बटणं लावायला लागली. मी हात झटकला.

१६ फेब्रुवारी, रविवार

मास्तरांकडे तालीम. ऑर्केस्ट्रातले उरलेसुरले आम्ही पुढच्या महिन्यात पुन्हा एकदा वाजवणार आहोत, म्हणून हा सगळा उत्साह. मास्तर कीबोर्डवर. तेव्हाही तेच पुढारी होते, आताही तेच.

आज भलतंच झालं. तिसरी तार छेडली की दुसरीही बोलायची. मधेच, न विचारता, एक उंच भोंगा. तालवाला हसायला लागला. मास्तर नाही हसले. चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘ट्रम्पेटचा तुकडा मी कीबोर्डवर घेऊ का? तू नुसती साथ धर.’

‘का?’

‘अरे, कशाला ताण घेतोस?’

ताण? तो तुकडा माझा आहे. लोक तोच ऐकायला यायचे. मी उठून पुढे येऊन वाजवायला लागलो की मास्तरांचा चेहरा पडायचा — इतक्या वर्षांनी हिशेब चुकता करतायत की काय?

आणि निघताना मास्तर हिच्याशी दाराआड बोलत होते. हळू आवाजात. मी जवळ गेल्यावर म्हणाले, ‘वहिनींना लिंबाच्या रोपाचं सांगत होतो.’ लिंबाचं रोप!

मागे एकदा मास्तरांनीच म्हटलं होतं, ‘गिटार कधी विकायला काढायची झाली तर आधी मला सांग.’

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ही क्लासला गेल्यावर झाकण उघडलं. झाकणाच्या एका स्क्रूवर ताजा ओरखडा. दुरुस्तीवालीचा हात साफ आहे, हा तिचा नव्हे.

आत — खाचा उभ्या नाहीत. सगळ्या उजवीकडे कललेल्या.

म्हणजे कोणीतरी गिटार उघडतंय. माझ्या घरात. नऊ तारखेला लख्ख वाजली ती अशी. आणि सोळाला बोंबलली तीही अशीच.

बारक्या ब्रशनं सहाही स्क्रूंवर पांढऱ्या रंगाची एकेक रेघ ओढली, अर्धी स्क्रूवर, अर्धी बोर्डावर. कोणी फिरवला की रेघ तुटणार. रेघा वाकड्या आल्या, ब्रश फालतू होता. तरी चालेल. आता बघू.

२० फेब्रुवारी, गुरुवार

लिहीत होतो तर ही मागे उभी. ‘अक्षर किती बारीक काढता हल्ली. मुंग्यांसारखं.’

ही माझी रोजनिशी वाचते. आजपासून ती कुलपात.

२३ फेब्रुवारी, रविवार

रेघा तुटल्या. सगळ्या सहा.

घरात दोन माणसं राहतात. मी फिरवले नाहीत.

२४ फेब्रुवारी, सोमवार

अंघोळीला गेलोय असं समजून ही फोनवर बोलत होती. मी नळ सोडून दाराला कान लावला. या वयात हे करावं लागतंय.

‘हो, थोडासाच... नाही, त्यांना नाही कळलं... कार्यक्रमापर्यंत पुरेल ना?’

काय पुरेल? कोण पलीकडे? मास्तर की दुरुस्तीवाली? की दोघं मिळून? गिटार हळूहळू बिघडवायची, मला लोकांसमोर तोंडघशी पाडायचं, मग मीच वैतागून म्हणावं की घेऊन जा हे धूड. मास्तर घेणार, दुरुस्तीवाली पुन्हा सरळ करून देणार. इतकं साधं आहे!

पण ही? हिला काय मिळणार यात? या गिटारशी हिचं कधी वाकडं नव्हतं. कार्यक्रमांना पहिल्या रांगेत बसायची. घरी आल्यावर कुठला स्वर चुकला ते सांगायची, नेमका. त्यामुळेच जास्त लागतंय.

जेवताना विचारलं, ‘कोणाचा फोन होता?’ म्हणाली, ‘क्लासमधली बाई.’ डोळ्याला डोळा दिला नाही.

२ मार्च, रविवार

सापडली.

‘बाजारात जातो’ म्हणून निघालो, कोपऱ्यावरून परत आलो. दार हळूच उघडलं. शिवणाच्या टेबलावर गिटार पालथी, खाली जुना टॉवेल, झाकण काढलेलं. चष्मा नाकाच्या टोकावर आणि हातात शिवणयंत्राचा बारका स्क्रूड्रायव्हर. दुसऱ्या हातात मोबाइल, टॉर्च लावलेला.

मी म्हटलं, ‘चालू दे.’

तिच्या हातातून स्क्रूड्रायव्हर पडला.

‘किती दिवस चाललंय हे?’

‘अहो, बसा जरा. सांगते.’

‘मास्तर किती देतायत?’

‘मास्तर?’ तिला खरंच कळलं नाही की नाटक, देव जाणे. ‘मास्तरांचा काय संबंध? तुम्ही आधी बसा. मी कधीची सांगणार होते, पण तुम्ही रोज सकाळी इतक्या आशेनं वाजवायला बसता, की मला...’

‘काही ऐकायचं नाही मला.’

‘मग एक ऐका. उद्या माझ्याबरोबर डॉक्टरकडे चला.’

म्हणजे आता मी वेडा. चोरी पकडली की पकडणाऱ्यालाच वेड लागतं! मी झाकण लावायला घेतलं. घाईत स्क्रू लागेना, दोनदा खाली पडला. तिनं हात पुढे केला. मी ओरडलो. आजवर तिच्यावर असा ओरडलो नव्हतो. शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला.

रिक्षानं ताईकडे आलो. गिटार, डबा, केबल, चार कपडे. ही दारात उभी होती. रडत नव्हती. नुसती माझ्या हातातल्या पिशवीकडे बघत होती.

५ मार्च, बुधवार

ताईकडे बरं चाललंय. पांढऱ्या रेघा पुन्हा ओढल्या. गिटार ताईच्या लोखंडी कपाटात, किल्ली माझ्या खिशात. ताईला ऐकू कमी येतं, त्यामुळे वाजवायला मोकळीक.

गिटार झकास वाजतेय. परवा, काल, आज, तिन्ही दिवस. बघा! घरातून हलवली आणि बरी झाली. आणखी काय पुरावा हवा?

हिचे फोन येतायत. घेत नाही.

ताई म्हणते, ‘भांडण कशावरनं?’ मी म्हटलं, ‘विश्वासावरनं.’ ती म्हणाली, ‘विस्तवावरनं?’ जाऊ दे.

७ मार्च, शुक्रवार

मास्तरांना फोन करून सुनावलं. ट्रम्पेटचा तुकडा मीच वाजवणार, आणि गिटार विकणार नाही, तुम्ही कोणालाही हाताशी धरा. ते म्हणाले, ‘तुकडा तुझाच आहे रे. वहिनींना एक फोन कर, एवढं ऐक माझं.’

सगळे एकाच सुरात बोलतात. पढवल्यासारखे.

९ मार्च, रविवार

तिसरी तार गेली. मग चौथी. ट्रम्पेटचा तुकडा सुरू केला आणि तिसरा-चौथा स्वर गायब, जणू कोणी वहाणेखाली चिरडत चाललंय. जोर लावून छेडली. तरी नाही. आणखी जोर लावला. मनगट दुखायला लागलं, पण डबा गप्प.

झाकण उघडलं. सहाही रेघा शाबूत. केसभरही सरकल्या नाहीत. कपाटाला कुलूप होतं. किल्ली माझ्याकडे होती. ताईनं तर गिटारला बोटही लावलेलं नाही.

मग कोण?

१० मार्च, सोमवार

दुरुस्तीवालीला फोन केला, भांडायचं ठरवून. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘काका, आता स्क्रू नका फिरवू. सहाही शेवटाला लागलेत. काकू दर आठवड्याला फोन करून विचारायच्या, अजून किती फिरवता येईल म्हणून. गिटारमध्ये कधीच काही बिघाड नव्हता. तुमच्या हाताचा जोर जसजसा कमी होतोय, तसतशी त्या ती जास्त तिखट करत होत्या. यापुढे यंत्राकडे द्यायला काही उरलं नाही.’

फोन ठेवला. उजवा हात टेबलावर ठेवून बघत बसलो. अंगठा हलतोय. मी हलवत नाहीये.

हिला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. म्हटलं, ‘न्यायला ये.’