भाऊ म्हणून केलेली सही

ताई,

मी ठणठणीत आहे, आधी तेच सांगतो. माझ्यासोबत भिंती रंगवणारा लंबू मात्र साथीच्या तापात सापडला आणि आता मशीनवर श्वास घेतोय.

परवा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एक हार्मोन औषध म्हणून देऊन बघतोय. तुम्ही त्यांचे कोण?" मी म्हटलं, "भाऊ." आणि संमतीच्या कागदांवर न वाचताच सही ठोकली. चार पानं मी कधी वाचलीत? बाबांचा खोकला थांबला का?

आज कळलं, हा प्रयोग आहे, निम्म्या पेशंटना त्या औषधाऐवजी नुसतं मिठाचं पाणी देतात! कोणाला काय, ते बाईंनाही माहीत नसतं. माझं डोकंच फिरलं. वॉर्डात ओरडलो, "माणसं आहेत का उंदीर?"

बाई म्हणाल्या, "कागदावर लिहिलंय. बाकीचे उपचार सगळ्यांना सारखेच. नको असेल तर घरच्यांनी सांगावं, लगेच थांबवू."

घरच्यांनी! मी कुठे त्याच्या घरचा? त्यांच्याहून जास्त आता माझाच राग येतोय.

लंबूच्या आईला यातलं काही माहीत नाही. फोनवर मी नुसता ओरडेन, म्हणून लिहून ट्रकवाल्याच्या हाती देतोय. मिळाल्या मिळाल्या तिच्याकडे जा, माझ्या सहीसकट सगळं सांग. बाईंचा नंबर कागदाच्या मागे आहे, तिला बोलू दे. तिने शिव्या दिल्या तर ऐकून घे, त्या माझ्याच आहेत.

तुझा बिनडोक धाकटा