जयंतीचं वाचन

प्रिय धम्मरत्नदादा,

दीपाचा लेखनिकासाठीचा अर्ज पंधरा दिवस तुझ्या टेबलावर पडून आहे आणि उद्या शेवटची तारीख. डॉक्टरांनी लिहून दिलंय, की पोरीला वाचनाची अध्ययन अक्षमता आहे. दहावीला वेळ वाढवून द्या, लिहायला माणूस द्या. तू तिचा मुख्याध्यापक आणि मामाही. तू म्हणालास, "कायची अक्षमता? जयंतीले विहारात केवढं खणखणीत वाचलं तिनं! आळशी आहे पोरगी."

त्या वाचनाला तूच बक्षीस दिलंस. मी पुढेच बसले होते. ती म्हणत होती एक पान आणि हातातल्या पुस्तकात उघडं होतं भलतंच. आठवडाभर माझ्याकडून ऐकून तिने सगळं पाठ केलं होतं. मला दिसलं, तरी मी टाळ्या वाजवल्या.

काल म्हणाली, "आई, ऐकलेलं सगळं मले येते. कागदावर पाह्यलं का तेच अनोळखी वाटते."

हे पत्र टाकत नाही. तू लाल पेनाने तपासत बसशील. सकाळच्या जीपने आम्ही दोघीच दारव्ह्याला येतो. सही कर. नाहीतर शाळेच्या फाटकात उभी राहून सांगेन, की आपल्या घरात ढ दोघं आहेत, आणि दीपा त्यांत नाही.

तुझी धाकटी,
पंचफुला