डावीकडची स्प्रिंग

१२ नोव्हें., बुध.
रफिकचाचांची गाडी आमच्या गॅरेजात आली. त्यांच्या वडिलांच्या वेळची, अमेरिकन, दोन दारांची. बॉनेट इतकं लांब की शटर खाली येईना. पुढचं सस्पेन्शन पूर्ण उतरवायचं आहे. खालच्या आडव्या बीमला भेग गेलीय.
आप्पा खूश. गणपतीत त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला, त्यानंतरचं पहिलं मोठं काम. रफिकचाचा म्हणाले, "मिस्त्री, होईल ना? नाय तर पुण्याला नेतो." आप्पा म्हणाले, "पुण्यानं बिघडवलेल्या गाड्या हितं येत्यात की."
मला हे काम नको होतं. या गाडीत चाक धरणाऱ्या खालच्या आर्मवर स्प्रिंग दाबून बसवलेली असते. आर्म एकदम सुटला तर ती गोळीसारखी येते. आपल्या शटरला आतून जो पोचा आहे तो तशाच एका स्प्रिंगचा. मी सात वर्षांची होते. आप्पांचा उजवा अंगठा तेव्हापासून वळत नाही.

१३ गुरु.
स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार मागून आणलं. आर्मच्या भोकातून आत जाईना. तिरकं करून पाहिलं, उलटं करून पाहिलं. परत दिलं.
आप्पा: "आश्वे, जॅक आन् साखळी. तुला शिकवलंय तसंच."
शिकवलं आहे. मला बाराखडीच्या आधी पान्यांचे नंबर येत होते. पण तेव्हा त्यांचा डावा हात थरथरत नव्हता. हल्ली कप बशीत ठेवताना वाजतो, म्हणून ते बशी घेतच नाहीत.
आई स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "त्यांना खाली जाऊ दिऊ नकोस. आन् मी म्हनले म्हनून सांगू नको."

१५ शनि.
तयारी. आधी डावी बाजू. गाडी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर घेतली. शॉकअप काढले. ब्रेक तारेनं टांगला, पाइपवर ताण नको. गाडी ढकलून पाहिली, हलत नाही. जेवून आल्यावर परत पाहिली. आप्पा म्हणाले, "हलवून हलवून तूच पाडशील." हसले.
आर्मचा जोड सोडवायला हातोडा कोण मारणार यावरून वाद. हातोडेवाला स्प्रिंगच्या सगळ्यात जवळ. मी म्हटलं मी. ते म्हणाले, "तू जॅकवर. हातोडा माजा."


१६ रवि.
क्रमानं लिहिते. नाहीतर मी स्वतःशीच बदलून सांगेन.
सकाळी आप्पांनी पाठीमागून विटा आणल्या, मागच्या चाकांना लावायला. दोन उरल्या. ते पहार शोधायला गेले तेव्हा त्या दोन मी जॅकच्या चाकांना लावल्या. शहाबादी फरशी गुळगुळीत, जॅक घसरेल असं वाटलं. त्यांना सांगितलं नाही.
स्प्रिंग उडू नये म्हणून तिच्यातून साखळी ओवली. जोडाचा नट सैल केला. आप्पांनी दोन घाव घातले, जोड सुटला. नट काढला. मी जॅक सोडू लागले, केसाकेसानं. अर्ध्यावर आर्म बाहेर झुकायला लागला. आर्म खाली येताना नेहमी वळत येतो, आणि जॅकनं त्याच्याबरोबर सरकायचं असतं. विटांमुळे तो सरकेना. जॅकची वाटी आर्मच्या कडेवर आली. स्प्रिंग एका बाजूला फुगली. साखळीत चार बोटं ढील होती.
आप्पांनी हात घातला. तोच हात, डावा.
मी म्हटलं, "हात काढा." त्यांनी काढला. मग खाली वाकून विटा बघितल्या, बराच वेळ बघितल्या. पहारीनं ओढून काढल्या. जॅक कुरकुरत सरकला, वाटी बसली. स्प्रिंग उतरली. जमिनीवर पडली तेव्हा साधं लोखंड.
हात धुताना ते म्हणाले, "जॅकला विटा मीच लावल्या व्हय?"
नळ चालू होता. मी साबण पुढं केला.

१७ सोम.
रफिकचाचांना आप्पांचा फोन: "उजवी बाजू पोरगी करंल. माजा मला भरवसा न्हाय आता." चाचा काहीतरी थट्टा करत असावेत. आप्पा हसले नाहीत.
आईला म्हणाले, "चाकाच्या विटा जॅकला लावल्या म्या. डोकं गेलं." आई माझ्याकडं असं बघत होती, जणू मी तिचं मोठं काम केलं.
सांगितलं तर उद्या पुन्हा हातोडा त्यांच्या हातात. तोंडाशी स्प्रिंग.
नाही सांगितलं तर... आज त्यांनी आईला तीनदा विचारलं, "गॅस बंद केला का म्या?" गोळी घेतल्यावर रिकामं पाकीट मुठीत धरून बसले होते. कुणी विचारलं तर दाखवायला.

१८ मंगळ., सकाळ
उजवी बाजू तयार. जोडाचा नट सैल करून फक्त पाच आट्यांवर धरलेला, साखळी आवळलेली, जॅक मोकळा. विटा फक्त मागच्या चाकांना.
आमच्यात घाव घालण्याआधी हातोडेवाला विचारतो, "अंग भायेर?" गॅरेजात असेल त्यानं "भायेर" म्हटल्याशिवाय हातोडा उचलायचा नाही. आजोबांपासूनचं आहे. आप्पा दारात खुर्चीवर, गाडीपासून दहा हात लांब. मी विचारलं.
त्यांनी आधी स्वतःच्या पायांकडं बघितलं. मग हातांकडं.
"तूच बघून सांग की," म्हणाले. "माजं म्हननं धरू नकोस."
मी हातोडा ठेवला. चहा पाहिजे म्हटलं. ते कोपऱ्यावर गेलेत आणायला.
टेबलाशी बसून हे लिहितेय. हात काळे आहेत, पानाला डाग पडतोय.
ते येताना दिसतायत. दोन्ही हातांत ग्लास, नजर ग्लासांवरच, पाऊल मोजून टाकतायत. आत आले की आधी ग्लास हातातून घ्यायचे, आणि मग जॅकच्या विटा कुणी लावल्या ते सांगायचं.