आईचा खोकला

नगर, ता. ५ नोव्हेंबर १९७८

चि. प्रभाकर यास सुमित्राताईचा सप्रेम सलाम. वि. वि.

काल आप्पांचं कार्ड आलं. भोपाळात आता मन लागत नाही, नगरला चर्चच्या मागे एखादी खोली बघून ठेव, एकटा राहीन, हाताने करून खाईन, असं लिहिलं आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि हाताने करून खाणार! मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर. माझ्याकडे पुरुषमाणूस राहू शकत नाही, मग तो बाप का असेना. म्हणजे ते खोलीत एकटे राहणार, आणि एक दिवस शेजारचं कोणी धावत मला बोलवायला येणार. मी हे होऊ देणार नाही.

तुझी पत्रं मात्र कशी भरलेली असतात! सेवा मंडळ, आनंद नगरात आजाऱ्यांच्या भेटी, मंडीदीपच्या मजुरांना कांबळी, बुधवारची प्रार्थनासभा. गेल्या महिन्यात इथल्या महिलांच्या सभेत मी तुझं नाव घेऊन भाषण ठोकलं, टाळ्याही घेतल्या. आता त्या टाळ्या परत कराव्याशा वाटतात. साऱ्या पिपलानीचे पाय धुऊन झाले असतील, तर घरात दोन पाय कोरडे राहिले आहेत तिकडे बघ.

आप्पा तिथून का निघाले आहेत, ते सरळ कळव. उपदेश कळवू नकोस. तो माझ्याकडे पुष्कळ आहे.

लोभ आहेच. तो टिकवणं तुझ्या हातात.

सुमित्रा

•

पिपलानी, भोपाळ, ता. १४ नोव्हेंबर १९७८

ती. सुमित्राताईस प्रभाकरचा सलाम. वि. वि.

पत्र वाचून वाईट वाटलं. कारखान्यातून आल्यावर चहा प्यायला बसलो होतो, तो तसाच गार झाला. क्वार्टरमधली उन्हाची खोली आप्पांना दिली आहे. सुमन शाळेतून आली की आजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखवते, हिंदी का असेना. त्यांना काय कमी आहे ते तू येऊन दाखव.

खरी अडचण दातांची आहे. दोन महिने झाले, आप्पा टेबलाशी बसत नाहीत. आमचं होईपर्यंत थांबतात, मग ताट घेऊन स्वयंपाकघरात नलिनीबरोबर पाटावर जेवतात. चावायला वेळ लागतो, चारचौघांत लाज वाटत असणार. म्हणून कोटरा सुल्तानाबादच्या डॉक्टरकडे स्कूटरवर चार खेपा घालून कवळी करून आणली. ती वाटीत पडून आहे. विचारलं तर काही नाही म्हणतात. आता ‘काही नाही’ला मी काय औषध देऊ?

दुसरं म्हणजे त्यांचं स्मरण चाललं आहे. सप्टेंबरात पाळकसाहेब आणि मंडळातले लोक जेवायला होते. आप्पांनी नेहमीसारखी प्रार्थना धरली आणि मध्येच, प्रभू, सुनंदाचा खोकला बरा कर, असं मागितलं. आईला जाऊन सहा वर्षं झाली! दोघे-तिघे मान खाली घालून हसले. मला कुठे बघावं कळेना. त्या दिवसापासून जेवणाची प्रार्थना मीच करतो. तेवढाच त्यांचा ताण कमी.

मंडळाचं काम प्रभूचं आहे, ताई. त्यावरून टोमणे मारू नकोस. तुझा लोभ टिकवण्याचा प्रयत्न करतो आहे, पण हप्ते फार जड आहेत.

प्रभाकर

•

नगर, ता. २० नोव्हेंबर १९७८

चि. प्रभाकर यास सलाम. वि. वि.

कवळी! अरे, ज्या माणसाने ज्वारीच्या भाकरीवर सारा जन्म काढला, त्याच्यापुढे तुम्ही रोज पातळ फुलके ठेवता आणि त्याचे दात तपासता? मला तुझ्या पत्रात पहिल्याच वाचनात रोग सापडला. मनुष्य उपाशी आहे. पोटाने नसेल, जिभेने आहे. परमुलखात माणसाची पहिली फाळणी ताटात होते, हे मी परवाच एका व्याख्यानात सांगितलं.

तुमच्या खात्यातला नरहर इथे रजेवर आला आहे. त्याच्याबरोबर ज्वारीचं पीठ पाठवते आहे, थोडंथोडकं नाही, डबा भरून. नलिनीला म्हणावं, रोज दोन भाकऱ्या थाप. नोकरीवाल्या घरात फुलके सोपे पडतात हे मला कळतं, पण सोपं ते सगळंच बरं नसतं. स्मरणासाठी कारखान्याच्या दवाखान्यात दाखवून घे.

भाकरी गरम वाढ. माझा लोभ आपोआप पोचेल.

सुमित्रा

•

पिपलानी, ता. ४ डिसेंबर १९७८

ती. सुमित्राताईंना नलिनीचा सलाम. वि. वि.

पीठ पोचलं. भाकऱ्या थापल्या. आप्पांनी चवीने खाल्ल्या, स्वयंपाकघरातच.

ताई, मी सहसा लिहीत नाही. तुम्हा बहीणभावांच्या पत्रांत तिसऱ्याला उभं राहायला जागा नसते. पण आता एकाने दात आणले, एकीने पीठ आणलं. उद्या कोणीतरी चष्मा आणेल. त्याआधी मीच सांगते.

आप्पा टेबल सोडून कधी उठले? ज्या दिवशी यांनी त्यांची प्रार्थना काढून घेतली, त्याच्या दुसऱ्या दिवशी. आपल्यात घरातलं सगळ्यांत मोठं माणूस ताटावर प्रार्थना करतं. तुमच्याकडे तसंच होतं, माझ्या माहेरी तसंच होतं. आप्पांना कोणी काही म्हणालं नाही. हे नुसते त्यांच्या आधी बोलायला लागले आणि आमेन म्हणून मोकळे झाले. यांनी ते तुम्हाला स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. तुम्हीही वाचलंत आणि पीठ दळायला गेलात.

स्वयंपाकघरात आप्पा काय करतात विचाराल तर तेच करतात. पाटावर बसतात, डोळे मिटतात. दूधवाल्याची म्हैस, वरच्या मजल्यावरच्या शर्माजींचा बढतीचा घोळ, रात्रपाळीला गेलेले सगळे, तुमचा राग, यांची सभा, माझी कंबर, सगळं एकेक करून देवापुढे ठेवतात. माझी कंबर दुखते हे या घरात दुसऱ्या कोणाला माहीत आहे असं मला वाटत नाही. भाकरी गार होते. मी होऊ देते.

यांना का सांगितलं नाही म्हणाल, तर सांगायला माणूस घरी बसावा लागतो. बुधवारी सभा, शुक्रवारी भेटी, रविवारी दिवसभर चर्च. दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना स्कूटरवर बसवून आणतात आणि आप्पा खिडकीतून बघतात.

खोली बघू नका. रागावलात तर रागवा, पण आमच्यावरचं प्रेम कमी करू नका.

नलिनी

•

नगर, ता. १० डिसेंबर १९७८

चि. प्रभाकर यास सलाम.

सोबत नलिनीचं पत्र पाठवते आहे. तिची परवानगी घेतलेली नाही. तू ते उभ्याने वाचू नकोस, खाली बस.

हजार माणसांपुढे न अडखळता बोलणारी मी, मला माझ्याच भावाच्या पत्रातली एक ओळ वाचता आली नाही. माझी अशी चीड आली आहे की आज मुलींच्या प्रार्थनेत मी बोललेच नाही. मुलींना वाटलं, बाईंना ताप आहे.

आता तुझं ऐक. परक्याच्या दुःखाला चेहरा असतो, गाव असतं, आपण गेलो की तो हात जोडतो. घरचा माणूस हात जोडत नाही, म्हणून त्याचं दुःख आपल्याला दिसत नाही. ही सेवा नाही, प्रभाकर, ही हात जोडून घेण्याची हौस आहे. मलाही ती आहे. म्हणून तर मला ती लांबून ओळखता येते.

आप्पांना त्यांची जागा परत दे. ते इकडे आले तर मी तुला माफ करणार नाही, आणि मला माफ न करण्याची सवय चांगली आहे.

सुमित्रा

•

पिपलानी, ता. २६ डिसेंबर १९७८

ती. ताईस सलाम. वि. वि.

तुझं ऐकलं आणि तोंडावर पडलो.

काल नाताळचं जेवण आमच्याकडे होतं. पाळकसाहेब, सगळं मंडळ, मटणाचा रस्सा, नलिनीचे अनारसे. मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं की आजपासून या घरातली प्रार्थना पुन्हा आमचे वडीलच करतील. वडीलधाऱ्यांचा मान यावर चार वाक्यंही बोललो. चांगली झाली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आप्पा उठले. शांतपणे म्हणाले की, बाळा, तुझी प्रार्थना होऊन गेली आहे, आता लोकांना जेवू दे. आणि ताट घेऊन आत गेले. सुमन हिंदीतून सगळ्यांना सांगत सुटली की दादाजी तो रोज़ रसोई में खाते हैं. पाळकसाहेब माझ्याकडे बघत राहिले.

आता आणखी काय करू, ताई? दिलेलं परत दिलं, चारचौघांत दिलं, तरी हा माणूस घेत नाही. आज सकाळी त्यांनी ट्रंक उन्हात काढून पुसली. नगरच्या गाडीची वेळ नरहरला विचारली. नलिनी माझ्याशी बोलत नाही. तू लिहिशील ते मला आधीच पाठ आहे. तरी लिही. कोणीतरी बोलावं असं वाटतं.

प्रभाकर

•

पिपलानी, भोपाळ, ता. ५ जानेवारी १९७९

चि. सुमित्रा हीस आप्पांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

अक्षर मोठं काढतो आहे. डोळ्यामुळे काढतो आहे, रागावलो म्हणून नाही.

खोलीची चौकशी थांबव. पिठाला जाळी धरायला लागली आहे, आणखी पाठवू नकोस. कवळी चांगली आहे, पण माझ्या तोंडाची नाही.

परवा बुधवार होता. प्रभाकरची सभा असते. स्कूटरची किल्ली त्याने खुंटीवरून काढली आणि परत लावली. मग स्वयंपाकघरात आला. आमच्याकडे तिसरा पाट नाही, तो तसाच फरशीवर बसला, माझ्यासमोर, भांड्यांच्या मधोमध. त्याला न बोलता बसलेला मी त्याच्या मुंजीएवढ्या वयानंतर पाहिला नव्हता. आपल्यात मुंज नसते, पण वय सांगायला बरं पडतं.

तुम्ही दोघांनी माझ्या स्मरणाची फार काळजी केलीत. तुझी आई गेली हे मला ठाऊक आहे. तिच्यावर पहिली मूठ माती मीच टाकली. पण तिचा खोकला प्रार्थनेत तुम्ही लहान असल्यापासून त्याच जागी येतो. त्याच्यावरून मी तुझ्या रागाकडे जातो, तुझ्या रागावरून प्रभाकरच्या धांदलीकडे, तिथून नलिनीच्या कंबरेकडे. तो खोकला काढला की पुढची वाटच सापडत नाही. देव ते समजून घेतो. मंडळाला समजावून सांगायचा मला कंटाळा आला, म्हणून आत आलो. नाताळला प्रभाकरने मला परत आणायला माणसं जमवली होती, म्हणून गेलो नाही.

तर परवा मी डोळे मिटले. म्हैस झाली, शर्माजी झाले, रात्रपाळी झाली. खोकल्यापाशी आलो आणि थांबलो. म्हटलं, समोर हा बसला आहे, याला पुन्हा अवघडल्यासारखं होईल. तुझं नाव काही आठवेना. भाकरीची वाफ गेली.

तेव्हा प्रभाकरच म्हणाला, प्रभू, आईचा खोकला बरा कर.

मग मी पुढे तुझ्याकडे आलो. तुझ्यासाठी रोज एकच मागतो, की सुमित्राला समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबता यावं. अजून मिळालेलं दिसत नाही. मागत राहीन.

ट्रंक परत पलंगाखाली गेली आहे. मे महिन्यात सुट्टीला तूच इकडे ये. येताना पाट आण, एक कमी पडतो.

तुझा,
आप्पा