तावोंगाच्या छातीतला शेंगदाणा

माझ्या आईला, लिलोंग्वेच्या इस्पितळातून तुझ्या एस्नातचा नमस्कार.

आधी खाली बस. तुझी नात वाचली! तावोंगाच्या खोकल्याला सगळे क्षय म्हणत होते ना? क्षय नव्हताच. अर्धा शेंगदाणा श्वासनळीत अडकला होता, त्यामुळे उजव्या फुप्फुसात पू झाला होता. डॉक्टरीणबाईंनी भूल देऊन, तोंडातून नळी घालून तो काढला. तेवढा वेळ मी बाहेर कशी बसले, ते विचारू नकोस.

आज पोरगी नर्सवर ओरडली, "सुई नको, मक्याच्या न्सिमाचा घास दे!" किती महिन्यांनी एवढा आवाज फुटला, आई! सगळा वॉर्ड हसला.

पू सुकेपर्यंत इथेच राहू. तुझे गुडघे कसे आहेत? धाकट्याला शेंगदाणे कुटूनच दे.

आणि शेजारणींना ठणकावून सांग, "ती घरी आली की तुमची पोरं तिच्याशी खेळायला पाठवा."

तुझीच,
एस्नात